भिंतीवर रंगवलेली हंडी



पिनोकिओला फासावर लटकवलं गेलं ते ऑक्टोबर १८८१मध्ये. रोमहून मुलांसाठी 'जोर्नाले पेर इ बाम्बिनी' नावाचं एक साप्ताहिक निघत असे. त्या वर्षीच्या जुलैपासून त्यात एका लाकडी बाहुल्याची गोष्ट क्रमशः येत होती. पंधराव्या प्रकरणात दोन दरोडेखोरांनी त्याला ओकच्या थोरल्या झाडाला टांगलं, बापाची आठवण काढत तो ताठ झाला, आणि लेखकाने गोष्ट तिथेच संपवली. मुलांच्या साप्ताहिकात, मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टीत! वाचणारी पोरं खवळली, संपादकांनीही तगादा लावला. मग फेब्रुवारी १८८२मध्ये गोष्ट पुन्हा सुरू झाली, बाहुला झाडावरून खाली उतरवला गेला आणि छत्तीस प्रकरणं होईपर्यंत जानेवारी १८८३ उजाडला. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये पुस्तक निघालं.

म्हणजे ज्या पुस्तकाशी चित्रपट इमान राखतात की नाही हे आज तपासायचं, त्याचा शेवट पहिल्यांदा बदलला तो खुद्द त्याच्या लेखकाने, आणि तोही वाचकांच्या दबावाखाली. चित्रपटवाल्यांवर आपण हाच आरोप नेहमी करतो, की प्रेक्षकाला आवडावं म्हणून शेवट गोड केला. कार्लो कोलोदी यांनी ते काम निर्माता दारात येण्याच्या कितीतरी आधी करून ठेवलं होतं.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर मुलांच्या पुस्तकांची कपाटं सांभाळली. म्हणून मोठ्यांची एखादी भारदस्त कादंबरी न घेता मी बाहुल्याची गोष्ट घेतली आहे. आयोजकांनी ती मान्य केली याबद्दल त्यांचे आभार.

पुस्तकाशी प्रामाणिक राहणं म्हणजे काय, हे ठरवताना सहसा यादी केली जाते. कोल्हा आहे का? मांजर आहे का? नाक वाढतं का? जलचराच्या पोटात बापलेकाची भेट होते का? अशा यादीने पिनोकिओवरचे बहुतेक चित्रपट पास होतात, आणि म्हणूनच ती यादी कुचकामी आहे. मी माझ्यापुरती एक खूण धरली आहे. तिसऱ्या प्रकरणात जेपेत्तो सुताराच्या घराचं वर्णन आहे. जिन्याखालची एक खोली, एक मोडकी खुर्ची, एक धड नसलेला पलंग, एक खिळखिळं टेबल. समोरच्या भिंतीत चूल पेटलेली दिसते, पण ती चूल रंगवलेली आहे. चुलीवर रटरटणारी हंडी रंगवलेली, हंडीतून निघणारी वाफसुद्धा रंगवलेली. पिनोकिओवरचा कुठलाही चित्रपट बघताना मी एवढंच शोधतो, की या हंडीचं त्याने काय केलं.

कारण हे पुस्तक भुकेचं आहे. खोटं बोलण्याबद्दलचं पुस्तक अशी त्याची ख्याती झाली ती नाकामुळे, पण नाकाचा हिशोब मुळातून बघा. पहिल्यांदा नाक वाढतं ते जेपेत्तो कोरत असताना, तो कापतो तसतसं. त्यात खोटं काही नाही, नुसता दांडगटपणा आहे. दुसऱ्यांदा वाढतं ते पाचव्या प्रकरणात. भुकेने कासावीस झालेला बाहुला चुलीकडे धावतो, हंडीचं झाकण उचलायला जातो आणि हात भिंतीला लागतो. त्या धक्क्याने त्याचं आधीच लांब असलेलं नाक आणखी चार बोटं लांबतं. परीसमोर थापा मारताना वाढणारं जगप्रसिद्ध नाक येतं ते बरंच नंतर, सतराव्या प्रकरणात. नाकाच्या या सगळ्या नोंदींतून चित्रपटांनी थापेची तेवढी उचलली. भुकेने लांबलेलं नाक कुणाला आठवतसुद्धा नाही.

त्यानंतर पानोपानी खाणं आहे, किंवा नसणं आहे. केरात सापडलेलं अंडं फोडलं तर आतून पिल्लू निघतं, आभार मानतं आणि खिडकीतून उडून जातं. शेगडीवर पाय शेकत झोपलेल्या बाहुल्याचे पाय जळून जातात. सकाळी बाप घरी येतो, स्वतःच्या न्याहारीसाठी आणलेली तीन नासपती मुलापुढे ठेवतो. पोरगं ऐटीत म्हणतं, सोलून दे. बाप सोलतो, साली आणि गाभे बाजूला ठेवतो, आणि शेवटी तेही पोरगं खाऊन टाकतं. हा प्रसंग लिहिणाऱ्या माणसाने उपाशी घर पाहिलेलं असणार, नुसतं ऐकलेलं नाही. पुढे बाहुल्याला शाळेत पाठवायचं तर अंकलिपी हवी, आणि अंकलिपीसाठी जेपेत्तो भर हिवाळ्यात अंगावरचा कोट विकून येतो. बाहेर बर्फ पडत असतं.

कोलोदी यांचं खरं आडनाव लोरेंझिनी. जन्म १८२६चा, फ्लॉरेन्सचा. वडील एका सरदार घराण्याचे आचारी होते. दुसऱ्यांच्या पंगतींसाठी रांधणाऱ्या माणसाचा हा मुलगा, आणि त्याच्या पुस्तकात चूल भिंतीवर रंगवलेली! या दोन गोष्टी जोडायचा मोह मला आवरत नाही. जाणकारांनी हवं तर तो माझा आगाऊपणा समजावा. आईच्या गावाचं नाव त्यांनी टोपणनाव म्हणून घेतलं. १८४८च्या आणि पुन्हा १८५९च्या लढाईत ते स्वयंसेवक म्हणून गेले, पत्रकारिता केली, १८७५मध्ये पेरोच्या फ्रेंच परीकथा इटालियनमध्ये आणल्या. १८६१मध्ये इटली एक झाला तेव्हा त्या देशातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना लिहितावाचता येत नव्हतं. १८७७मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला आणि चारच वर्षांत ही गोष्ट आली. शाळेत जा, शाळेत जा, असं या पुस्तकात सतत सांगितलं जातं त्यामागे हा कायदा आहे. आणि बाहुला अंकलिपी विकून चार नाण्यांत खेळाचं तिकीट काढतो, त्यामागे कोलोदी यांचा त्या कायद्यावरचा अविश्वास. उपाशी पोरगं शाळेत जाऊन काय करणार, हा प्रश्न त्यांनी कुठे विचारलेला नाही, पण पुस्तकभर तो प्रश्न जागा आहे.

आता चित्रपट. पहिला मोठा मूकपट १९११चा, इटालियन, जुलिओ आंतामोरो यांचा. त्यात बापलेक देवमाशाच्या पोटातून थेट अमेरिकेच्या आदिवासींमध्ये पोचतात आणि त्यांना सोडवायला कॅनडाचे सैनिक येतात. परक्यांनी आमचं पुस्तक बिघडवलं असं इटलीत पुढे ज्यांनी म्हटलं, त्या मंडळींनी हा चित्रपट एकदा बघावा.

परके म्हणजे अर्थात डिस्ने. फेब्रुवारी १९४०मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा 'पिनोकिओ' प्रदर्शित झाला. 'स्नो व्हाइट'नंतरचा हा त्यांचा दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट. सुरुवातीला त्यांच्या चित्रकारांनी बाहुला पुस्तकाच्या बराच जवळचा काढला होता, लाकडी, कोनाकोनांचा, उद्धट. वॉल्ट डिस्ने यांना तो आवडेना. १९३८मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि नवा पिनोकिओ काढून घेतला. गोल गालांचा, हातमोजे घातलेला हा मुलगा म्हणजे सांधे दाखवणारं एक गोंडस बाळच. असं निष्पाप बाळ वाट चुकणार कसं? चुकलं तर त्याला सावरायला कुणी तरी हवं, म्हणून रातकिड्याला बढती मिळाली.

मूळ पुस्तकातल्या रातकिड्याची हकिगत दोन पानांत आटपते. तो भिंतीवरून चार हिताच्या गोष्टी सांगतो, पिनोकिओ चिडून लाकडी हातोडा भिरकावतो, आणि उपदेशक भिंतीला चिकटून मरतो. पुढे त्याचं भूत येतं, डॉक्टर म्हणूनही तो येतो, शेवटी जिवंतही भेटतो. कोलोदी यांच्या जगात मरण हे कायमचं असतंच असं नाही. पण बाहुल्याच्या आयुष्यातला पहिला मोठा पराक्रम म्हणजे सदसद्विवेकाचा खून. डिस्नेने त्याच किड्याला छत्री, टोपी आणि गाणं दिलं, त्याला निवेदक केलं आणि चित्रपट त्याच्या हवाली केला. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं, संगीतालाही मिळालं, आणि ते गाणं पुढे कंपनीची ओळख झालं.

यावर पुस्तकप्रेमी रागावतात. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. डिस्नेच्या जेपेत्तोचं घर आठवा. भिंतभर घड्याळं, प्रत्येक घड्याळात एक गंमत, खेळण्यांनी भरलेली फळी, लाडाची मांजर, काचेच्या भांड्यात सोनमासा, आणि खरीखुरी चूल. टस्कनीतली जिन्याखालची खोली आल्प्समधल्या चित्रासारख्या टुमदार घरात जाऊन बसली. हा जेपेत्तो गरीब नाही, तो फक्त एकटा आहे. त्याला मूल हवं आहे आणि ताऱ्याकडे मागितलं की ते मिळतं. पुस्तकातला जेपेत्तो बाहुला का करायला घेतो? त्याला नाचवत, कोलांट्या मारायला लावत गावोगाव हिंडून भाकरीचा तुकडा आणि पेलाभर वाइन मिळवता यावी म्हणून. मूल हे त्याच्या पोटापाण्याचं साधन आहे! तिथून तो कोट विकणारा बाप होतो, हा पुस्तकातला खरा चमत्कार. डिस्नेच्या जेपेत्तोला कुठे पोचायचंच नाही, तो पहिल्या दृश्यापासून प्रेमळ आहे.

न्याय करायचा तर एवढं सांगायला हवं की देवमाशाच्या पोटात त्या चित्रपटालाही भूक आठवते. तिथे जेपेत्तो गळ टाकून उपाशी बसलेला असतो. शिवाय मुलांची गाढवं होतात तो भाग डिस्नेच्या चित्रकारांनी ज्या ताकदीने केला आहे तो अंगावर येतो. पिनोकिओचा वात्रट सोबती लॅम्पविक भिंतीवरच्या सावलीत गाढव होतो आणि आईला हाक मारतो. कोलोदी यांच्या पुस्तकात हा प्रसंग जवळपास विनोदी आहे, दोघं एकमेकांचे कान बघून पोट धरून हसतात आणि हसता हसता चार पायांवर येतात. कुठलं अधिक भयंकर ते ठरवणं कठीण.

तिकडे रशियात अलेक्सेय तलस्तोय यांनी १९३६मध्ये ही गोष्ट सरळ आपली म्हणून नव्याने लिहिली. त्यांचा बुरातिनो खोटं बोलला तरी नाक वाढत नाही आणि तो शेवटी मुलगाही होत नाही. १९३९मध्ये आणि पुन्हा १९७५मध्ये तिच्यावर चित्रपट निघाले. मला त्यातलं मोल वाटतं ते एकाच युक्तीचं. रंगवलेली चूल आणि हंडी तलस्तोय यांनी सोडली नाही. ती कॅनव्हासवर आहे, उपाशी बुरातिनो तिच्यात नाक खुपसतो, कॅनव्हास फाटतो आणि मागे एक दार दिसतं. सोन्याची किल्ली त्या दाराची. म्हणजे खोट्या चुलीमागे खरं काहीतरी आहे. कोलोदी यांच्या पानावर हंडीमागे फक्त भिंत होती. समाजवादी लेखकाला तिथे भिंत ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं. पण त्याने निदान ते पान वाचलं होतं.

लुइजी कोमेंचिनी यांनी इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीसाठी केलेली मालिका एप्रिल १९७२मध्ये सुरू झाली. नीनो मानफ्रेदी जेपेत्तो, जीना लोलोब्रिजिदा परी, आणि न्यायाधीशाच्या छोट्याशा भूमिकेत 'बायसिकल थीव्हज'चे दिग्दर्शक वित्तोरिओ दे सिका. इथे थोडं थांबायला हवं, कारण यादीच्या हिशोबाने हे रूपांतर सगळ्यात मोठी चूक करतं. पुस्तकात जे शेवटच्या पानावर घडतं ते कोमेंचिनी पहिल्याच भागात उरकतात. परी येते आणि बाहुल्याचा हाडामांसाचा मुलगा करते. अट एकच: वाईट वागलास तर पुन्हा लाकूड. मग मालिकाभर तो कधी मुलगा, कधी बाहुला. परीला त्यांनी जेपेत्तोच्या मेलेल्या बायकोचा चेहरा दिला, हेही पुस्तकात नाही.

पण हा बदल काय साधतो ते पाहा. लाकडाला भूक लागते हे आपण गोष्ट म्हणून मान्य करतो आणि विसरतो. थंडीने काकडणारं, शेंबूड पुसणारं, मळकं, खरं पोरगं जेव्हा खायला मागतं तेव्हा ते विसरता येत नाही. आन्द्रेआ बालेस्त्री हा मुलगा अभिनय करतोय असं एकदाही वाटत नाही. तो हट्ट करतो, पळतो, आणि बाप मागे धापा टाकत येतो. मानफ्रेदींचा जेपेत्तो प्रेमळ म्हातारा नाही. तो वैतागलेला, मानी, पैशावाचून अडलेला माणूस आहे, ज्याच्या गळ्यात एक खाणारं तोंड पडलं आहे. आणि शिक्षा उलटी फिरते. पुस्तकात माणूस होणं हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस होतं. इथे मुलगा मुलगाच आहे. वाईट वागला की मोठी माणसं त्याला लाकूड करून टाकतात. ते बक्षीसच कोमेंचिनींना मान्य नाही. मेहनती, आज्ञाधारक झाल्यावर माणूसपण मिळेल, ही १८८३ची अट त्यांनी १९७२मध्ये झुगारली आणि हे करताना भुकेचं प्रत्येक पान जपलं. मी आजवर पाहिलेल्या रूपांतरांत पुस्तकाशी सगळ्यात इमानी हेच, असं माझं मत आहे.

याच्या नेमका उलट अनुभव रोबेर्तो बेनिन्यी यांनी २००२मध्ये दिला. 'लाइफ इज ब्युटिफुल'च्या यशानंतर त्यांनी इटलीतला तोवरचा सगळ्यात खर्चिक चित्रपट काढला. प्रसंग बरेचसे पुस्तकाबरहुकूम, आणि पिनोकिओ ते स्वतः, वयाची पन्नाशी गाठलेले. पन्नाशीचा गृहस्थ फुलाफुलांच्या कपड्यांत नासपती सोलून मागतो. त्यावर जास्त बोलत नाही.

त्याच बेनिन्यींना मात्तेओ गारोने यांनी २०१९मध्ये जेपेत्तो केलं आणि हिशोब चुकता झाला. चित्रपट सुरू होतो तेव्हा म्हातारा चीजच्या वाळक्या कडेला पटाशी लावून खरवडतो आहे. मग तो खाणावळीत जातो आणि तिथल्या दाराटेबलांत नसलेले दोष काढू लागतो, म्हणजे दुरुस्तीचं काम मिळेल आणि कामाबरोबर जेवण. हा प्रसंग कोलोदी यांनी लिहिलेला नाही, पण त्यांना तो आपलाच वाटला असता. मार्क कूलिए यांनी रंगभूषेतून मुलाच्या चेहऱ्यावर लाकडाच्या रेषा उमटवल्या, आणि जनावरं माणसांच्या चेहऱ्यांची केली. वेशभूषा आणि रंगभूषा या दोन्हींसाठी ऑस्करची नामांकनं मिळाली. गोरिला न्यायाधीशही इथे आहे. पुस्तकात तो लुबाडल्या गेलेल्या बाहुल्यालाच तुरुंगात टाकतो, आणि सार्वत्रिक माफी होते तेव्हा बाहुल्याला आपणही गुन्हेगार आहोत असं सांगून सुटका करून घ्यावी लागते. कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही हे पान परीकथेतलं वाटणार नाही.

आणि गियेर्मो देल तोरो, २०२२. बाहुल्या एकेक चौकटीने हलवून केलेला चित्रपट, काळ मुसोलिनीचा. जेपेत्तोचा खरा मुलगा कार्लो पहिल्या महायुद्धात चर्चवर पडलेल्या बॉम्बने गेलेला आहे, आणि दारूच्या धुंदीत जेपेत्तो शोकाने लाकूड तासतो. मुलांना भुलवणाऱ्या खेळनगरीच्या जागी पोरांना सैनिक बनवणारी फॅसिस्ट छावणी आहे. पिनोकिओ पुन्हा पुन्हा मरतो आणि उठतो, आणि शेवटपर्यंत लाकडाचाच राहतो. त्याला २०२३मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. बऱ्याच समीक्षकांनी लिहिलं की पुस्तकापासून हा फार दूर गेला. मला तसं वाटत नाही. निळ्या केसांची परी पुस्तकात पहिल्यांदा येते ती खिडकीतली मेलेली मुलगी म्हणून. या घरात सगळे मेले आहेत, मीही शवपेटीची वाट बघते आहे, असं ती सांगते. ती मुलगी, तो फास, ते मरणाचं अर्धवट असणं इतर दिग्दर्शकांनी झाकून ठेवलं होतं. देल तोरो यांनी ते बाहेर काढलं. त्यांनी सोडली ती भूक. त्यांचा बाहुला आज्ञा मोडतो कारण आज्ञा देणारे दुष्ट आहेत. कोलोदी यांचा बाहुला आज्ञा मोडतो कारण त्याला द्राक्षं खायची असतात. पहिलं थोर आहे, पण कथा-कादंबरीत त्याची सवय झाली आहे. दुसरं विरळा.

लहान मुलांना हे सगळं दाखवावं का, असा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. फाशी, जळालेले पाय, मेलेला रातकिडा. मुलांना झेपणार नाही ही भीती मोठ्यांची आहे. १८८१च्या पोरांनी तक्रार केली ती बाहुला मेला म्हणून. गोष्ट भयंकर आहे म्हणून नव्हे.

पुस्तकाच्या शेवटाविषयी मात्र मला पुस्तकाचीही बाजू घेता येत नाही. पिनोकिओ साठवलेली चाळीस तांब्याची नाणी परीसाठी देऊन टाकतो, सकाळी उठतो तो चाळीस सोन्याची झालेली. गवताच्या झोपडीची सजवलेली खोली होते, आजारी बाप खडखडीत बरा, आणि मुलगा खुर्चीला टेकून ठेवलेल्या लाकडी बाहुल्याकडे तुच्छतेने बघतो. रंगवलेल्या हंडीने सुरू झालेल्या गोष्टीचा हा शेवटही रंगवलेलाच आहे. डिस्नेवर चिडणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावं. त्यांची घड्याळं, त्यांचा सोनमासा इथे जवळपास आलेलेच आहेत.

पण त्याच्या काही पानं आधी, त्याच शेवटच्या प्रकरणात, एक वेगळा प्रसंग आहे. बापाला पेलाभर दूध हवं असतं. माळी म्हणतो, फुकट नाही. रहाटाने शंभर बादल्या पाणी काढ, एक पेला देतो. पिनोकिओ घामाघूम होऊन पाणी काढतो. माळी सहज सांगतो, हे काम आजवर माझं गाढव करायचं, ते आता मरायला टेकलंय. पिनोकिओ गोठ्यात जातो. गाढव भुकेने आणि कामाने खंगलेलं, गवतावर पडलेलं. ते डोळे उघडतं, आपलं नाव सांगतं आणि मरतं. ते त्याच्या शाळेतलं पोरगं असतं, त्याच्याबरोबर खेळनगरीत पळून गेलेलं. डिस्नेच्या चित्रपटात लॅम्पविक गाढव होतो आणि तिथून पुढे त्याची चौकशी कुणीच करत नाही; बेटावरची बाकीची पोरंही तिथेच राहतात. पुस्तकात पिनोकिओ दुसऱ्या दिवशी पहाटे उठतो आणि पुन्हा त्याच रहाटाला लागतो. पाच महिन्यांहून अधिक काळ, रोज, एका पेल्यासाठी.